कढई कोणी चढवायची

माझा तारा चोरीला जात होता, आणि चोर भरदुपारी शिडीवर चढलेला होता.

लसीकरण आटोपून, लशींचा डबा खांद्याला अडकवून मी परतत होते. सौंदडच्या उपकेंद्रामागे माझ्या दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांच्या पत्र्याखाली आदल्याच दिवशी, स्टुलावर टाचा उंचावून, मी नाताळचा तारा बांधला होता. आता तिथे एक उंच माणूस पाठमोरा उभा राहून त्याची तार सोडवत होता. शर्टावर धानाचं भुसकट, केसांत भुसकट.

"ओ भाऊ, काय चाललंय?"

तो दचकलासुद्धा नाही. "उतरवून राहिलो नं," म्हणाला. "दिवारी झाली, मंडई झाली, तुमचा आकाशदिवा तसाच लटकून हाय. माय म्हणे, सिस्टरचा हात पुरत नसंल. जा, काढून दे."

म्हणजे हा सुखवंताकाकूंचा मुलगा. काकूंचं अंगण माझ्या भिंतीला लागून होतं. जूनपासून त्यांच्या तोंडून मी भुवनेश्वरपुराण ऐकत होते, पण तो धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीन घेऊन कायम देवरीकडच्या गावांत. दिवाळीलाही एका दिवसापुरता येऊन गेला म्हणे. या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक होतं, आणि एकदा का गावची मंडई झाली की कोणाच्याही दारात कंदील राहत नाही. काकूंना वाटलं असणार, नगरहून आलेल्या या पोरीला रीत माहीत नाही, तिने दिवाळीचा कंदील डिसेंबरात लावला.

"हा आकाशदिवा नाही. नाताळचा तारा आहे. जिथून काढलात तिथे मुकाट्याने लावा."

तो घाईघाईने तार परत अडकवायला गेला आणि ताऱ्याचं एक टोक खिळ्यावर फाटलं. कागद फाटण्याचा तो एवढासा आवाज... मी पायरीवर बसले आणि एका अनोळखी माणसासमोर चक्क रडायला लागले.

मी डोळे पुसले तेव्हा शिडीवर कोणी नव्हतं. पळाला, मला वाटलं. पण तो आला. एका हातात वाटीभर भाताची खळ, दुसऱ्या हातात पतंगाचा लाल कागद. माझ्या पायरीवरच, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसला आणि तारा मांडीवर घेऊन ठिगळ लावू लागला.

"कोणं बनवला?"

"माझ्या पप्पांनी. कामट्या स्वतः तासायचे."

"मंग त्यांले सांगा, रहांगडाल्यानं फाडला अन् रहांगडाल्यानंच जोडला."

"ते नाहीत आता," मी म्हणाले. "ईस्टरनंतर गेले."

त्याने 'अरेरे' म्हटलं नाही, 'देवाची मर्जी' म्हटलं नाही. ओल्या कागदावर हळू हळू फुंकर घालत राहिला, खळ वाळेपर्यंत. त्या फुंकरीतच माझं काहीतरी बिनसलं असावं. कारण नंतर तो शिडीवर चढून तारा बांधत होता आणि मी शिडी धरायच्या निमित्ताने नुसती वर बघत उभी होते.

"जास्त वर बांधतो," वरून तो म्हणाला. "आमच्या खळ्यावरून दिसाले पायजे."

"कशाला?"

"फाटला-बिटला तं समजंल."

---

नगरला आमच्या वस्तीत डिसेंबर लागला की दर दारात तारा असतो. बायका एकमेकींच्या घरी करंज्या लाटायला जातात, पोरं गाणी म्हणत गल्लीगल्लीतून फिरतात, आणि भेटेल तो हात उंचावून 'सलाम' म्हणतो. इथे सलाम म्हणायला कोणी नव्हतं. सौंदडमध्ये मी एकटी ख्रिस्ती. कोणी मला त्रास दिला नाही, उलट पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आणि नवा तांदूळ दारात येऊन पडायचा. पण आपला सण आपल्यापुरताच असणं फार जड जातं. आणि नगरला जायचं म्हटलं तर जेवणाच्या टेबलाशी पप्पांची खुर्ची. आईने या वर्षी तारा लावलाच नव्हता. "सण नाही करायचा यंदा," म्हणाली होती. म्हणून पप्पांचा तारा मी पिशवीत घालून इकडे आणला होता. सुट्टी मिळत नाही, असं आईला खोटंच सांगितलं. खरं म्हणजे त्या घरात पंचवीस तारखेला शिरायची मला हिंमत नव्हती.

काकूंना मात्र मी हे कधी बोलले नव्हते. त्यांना कळलं ते भुवनेश्वरकडून.

दर रविवारी मी सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला चर्चला जायचे. तारा फाटल्यानंतरच्या रविवारी फलाटावर जाते तो काय, भुवनेश्वर रहांगडाले इस्त्रीचा शर्ट घालून उभे. केसांत भुसकट नाही.

"गोंदियाले काम हाय," न विचारताच म्हणाला.

"रविवारी?"

"मशीनचा पट्टा आणाचा हाय."

"रविवारी दुकानं बंद असतात, भाऊ."

त्याने नजर रुळांकडे वळवली. मग म्हणाला, "एक सांगू का? साऱ्या गावाले भाऊ म्हणा. मले तेवढं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. मी समजून घेतो नं."

गाडीत तो समोर बसला. खिडकीबाहेर कापणी झालेली धानाची शेतं, बांध्या, त्यांत पेंढ्या रचून उभी केलेली पुंजणी, आणि धुक्यातून वर येणारं ऊन. मी त्याला बघत नाही असं दाखवत होते, तोही. नाताळात आम्ही काय करतो, काय खातो, रंग खेळतो का, असं सगळं त्याने विचारून घेतलं. मी म्हटलं, रंग नाही, पण करंज्या असतात, चकल्या असतात, तुमच्या दिवाळीसारखंच. तो म्हणाला, "मंग मायची काही चूक नाही. तुमी दिवारीच उशिरा करता."

गोंदियाच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. पहिले काही महिने माझी प्रार्थना ओठांवर अडखळायची. मला वाटायचं, देवाला माझं मराठीच कळतं. गाणी त्याच चालीवरची आणि शब्द परके, त्याने तर जास्तच घर आठवायचं. त्या रविवारी पास्टरसाहेबांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. भाभीजी स्वतः लग्न होऊन छत्तीसगडमधून आलेल्या. मी नाताळला नगरला जात नाही हे ऐकून त्यांनी कारण विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बेटी, प्रभु का पहला बड़ा दिन भी पराए गाँव में ही हुआ था. मरियम की माँ कहाँ थी वहाँ? जो पड़ोस में थे, वही आए."

मी बाहेर आले तर तो फाटकापाशी लिंबाच्या झाडाखाली उभा होता. दोन तास उभा होता. पट्टा-बिट्टा काही आणला नव्हता.

"आत का नाही आलात?"

"कोणं या म्हटलं नाही."

मी तेव्हाच 'या' म्हणायला हवं होतं. पण जीभ रेटली नाही. आत बोलावलं म्हणजे नुसतं चर्चमध्ये बोलावलं असं राहिलं नसतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग रविवारमागून रविवार तो येत राहिला, लिंबाखाली उभा राहत राहिला, आणि आतमध्ये माझं अर्धं लक्ष फाटकाकडे. देवाने ते मनावर घेतलं नसावं.

संध्याकाळी खळ्यावर मशीन बंद झाली की गाव एकदम शांत व्हायचं. मी ताऱ्यातला दिवा लावायचे आणि लावून उगाच दारात थांबायचे. खळं दूर होतं, अंधारात काही दिसायचं नाही. पण कधी कधी तिकडून मोबाइलचा उजेड दोनदा हलायचा. बस, तेवढंच. तेवढ्यावर माझी रात्र जायची.

आणि मग बदली झाली.

मीच मागितली होती, जूनमध्ये इथे रुजू झाल्या झाल्या. आई एकटी, मी एकुलती एक. तेव्हा नगर सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. आता नाताळ आठवड्यावर आलेला आणि तालुक्याहून फोन आला, की तुमची नगरला आंतरजिल्हा बदली झाली, घेणार की नाही ते नाताळनंतर लगेच कळवा. उपकेंद्रातल्या सगळ्यांनी पेढे मागितले. मी हसले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले.

त्याला मी अंगणाच्या भिंतीवरून सांगितलं. तो पोती शिवत होता. सुई थांबली.

"चांगलं झालं नं," म्हणाला. "माय एकटी हाय तुमची."

"हो."

"जाणार?"

"आई एकटी आहे," मी परत तेच म्हणाले.

"व्हय. मी तेच तं म्हणून राहिलो." त्याने सुई परत चालवली आणि ती बोटात घुसवून घेतली. मी आयोडिन आणायला आत गेले आणि आणून दिलं तेव्हा तो निघून गेला होता.

त्या आठवड्यात खळ्यावरून उजेड हलला नाही. मी रोज तारा लावला. रोज उभी राहिले. देवाकडे काय मागावं तेच कळत नव्हतं. आई मागावी तर तो जात होता, तो मागावा तर आई. शेवटी एवढंच म्हटलं, की जो काय सण द्यायचा तो दे, पण मला एकटीला देऊ नकोस.

---

नाताळच्या सकाळी मी एकटीच गोंदियाला गेले. तो फलाटावर नव्हता, लिंबाखालीही नव्हता. भाभीजींनी केकचा तुकडा बांधून दिला. परत आले तर माझ्या दारात सुखवंताकाकू बसलेल्या. एका बाजूला त्यांची मोठी काळी कढई, दुसऱ्या बाजूला तेलाचा डबा, आणि पदराखाली झाकलेल्या परातीत लाटून तयार करंज्या.

ती कढई बघून मी उंबऱ्याबाहेरच थांबले. कारण त्या रीतीचा अर्थ मला माहीत होता.

दिवाळीत मी समोरच्या नीतूवहिनींच्या घरी ती पाहिली होती. त्यांचा नवरा पावसाळ्यात गेला. दिवाळी आली तरी त्यांच्या चुलीवर तळण नाही, लेकरं शेजारच्या फटाक्यांकडे बघत बसलेली. मग लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माहेराहून, मुर्रीहून, वहिनींचे भाऊ आले. सोबत तेल, बेसन आणि कढई. त्यांनी स्वतःच्या हाताने कढई चुलीवर चढवली, पहिली पुरी तळून बहिणीच्या हातात दिली, आणि मग त्या घरात सण सुरू झाला. काकूंनी मला तेव्हा समजावलं होतं, की माणूस गेलेल्या घरी पहिल्या सणाला आपल्या हाताने कढई चढवत नाहीत. माहेरचंच माणूस लागतं. ज्याने कढई चढवली, त्याचं घर त्या बाईचं माहेर.

"भुवननं सांगतलं, तुझा बाप याच साली गेला," काकू म्हणाल्या. "अन् मले माहीत नाही. तुझा सण आज हाय, अन् घरात तेलाचा वास नाही. पोरी, सण तुझा असो का आमचा, रीत तेच. तुझे माहेरचे दूर हायेत. आजपासून मीच तुझी माय."

खरं सांगते, मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. महिनोन्महिने मी हेच तर मागत होते. कोणीतरी यावं, माझ्या घरात तेल तापावं, तळणाचा वास सुटावा. भाभीजी म्हणाल्या होत्या, जे शेजारी होते तेच आले. हे बघा, आले. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. काकू साध्या आहेत, भोळ्या नाहीत. खळ्यावरून हलणारा उजेड त्यांच्याही अंगणातून दिसत असणार. आजची कढई ही मायाही होती आणि कुंपणही. आणि मी... मी एवढी भुकेली होते, की 'चढवा' म्हणणारच होते.

काकूंनी गॅस पेटवला. कढई उचलली.

"माय, थांब."

भुवनेश्वर दारात होता. केसांत भुसकट, बोटाला चिंधी. मग मायलेकांचं पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, सुरू झालं. काकूंचा आवाज चढत गेला, त्याचा उतरत गेला. मला त्यातलं एक अक्षर कळेना. मी मधे उभी, माझ्याच स्वयंपाकघरात, पाहुण्यासारखी.

"मला समजेल असं बोलाल का?" मी शेवटी म्हणाले. "माझ्या घरात माझा सण होऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदा, आणि पहिल्यांदाच नजर काढून न घेता.

"सण होऊ दे नं. पण कढई मायनं चढवली तं आमचं घर तुझं माहेर होते. अन् मी तुझा भाऊ होतो." तो थांबला. "तुले पहिल्याच रविवारी सांगतलं होतं... मले भाऊ नाही व्हायचं."

काकूंनी कढई हातातच धरून मला विचारलं, "तुले माहीत होतं का हे?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग, नाताळच्या दिवशी खोटं नको म्हणून, "हो."

"अन् तुझ्या मनात?"

"तेच आहे, काकू. पण एक आधीच सांगते. मी येशूला सोडणार नाही. ते माझ्याकडून कोणी मागू नये."

"सोड म्हणून कोणं म्हटलं?" तो मधेच म्हणाला. "मी तं तुझ्या ताऱ्याकडं पाहूनच महिना काढला."

काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा परातीतल्या करंज्यांकडे. मग गॅस बंद केला आणि कढई जमिनीवर ठेवली.

"मी आज हो म्हणत नाही, नाही बी म्हणत नाही. मले इचार कराव लागंल. भाऊकी हाय, गाव हाय. पण मंग हिची कढई मी नाही चढवत. हिचं माहेर तिकडं हाय तं तिकडूनच कोणी यावं. बोलाव तुझ्या मायले."

त्या उठल्या. करंज्यांवर ओलं फडकं टाकलं. कढई नेली नाही, तेलाचा डबाही नेला नाही. दारातून जाताना मुलाच्या केसांतलं भुसकट तेवढं झटकलं.

---

तो बाहेर पायरीवर बसला, जिथे ठिगळ लावायला बसला होता तिथेच. मी आतून आईला फोन लावला.

"सलाम, आई."

"सलाम, बाळा. जेवलीस?" तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा. तिकडे गल्लीत गाणी चालली होती, ती फोनमधून ऐकू येत होती. आईच्या घरातून मात्र काही नाही.

"आई, तू इकडे ये. महाराष्ट्र एक्सप्रेस नगरहून सरळ गोंदियाला येते. मी घ्यायला येईन."

"मी कशाला येऊ? तुझी बदली झालीय. तूच येणार ना आता घरी?"

मी दाराकडे बघितलं. त्याची पाठ दिसत होती, आणि त्याच्या डोक्यावर तारा, लाल ठिगळाचा. आईला हे फोनवर सांगू नये, समोर बसून सांगावं, असं शंभरदा ठरवलं होतं.

"आई, मला नगर हवंय. पण माहेर म्हणून हवंय."

पलीकडे नुसती गाणी. एक संपलं, दुसरं सुरू झालं. मी तिला सगळं सांगितलं. तारा, खळ, फुंकर, रविवारची गाडी, आणि ही जमिनीवर ठेवलेली कढई. या लोकांत गेलेल्या माणसाचा मान असा ठेवतात, आई. माहेरून कोणी आल्याशिवाय घराला सण लागत नाही. आपण दोघी दोन टोकांना सण बंद करून बसलोय, आणि इथे एक कढई तुझी वाट बघतेय.

"त्याला आपली प्रार्थना चालेल?" आईने विचारलं.

"दर रविवारी चर्चच्या फाटकाशी उभा असतो. आत ये म्हणून कोणी म्हटलं नाही."

"मग म्हण की," आई म्हणाली. आणि मग ती रडायला लागली. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मला ऐकू येईल असं रडली. मी पण रडले. रडून झाल्यावर नाक ओढत तिने विचारलं, "तेल आहे का घरात? की इथून आणू?"

"आहे, आई."

"तरी मी आणते. माहेरचं तेल लागत असेल."

फोन ठेवून मी बाहेर आले. दिवस कलला होता. दूर खळ्यावर पुंजणी नुसत्या काळ्या आकृत्या झाल्या होत्या. तो उठून उभा राहिला, पण काही विचारेना. मीही मुद्दाम थोडा वेळ बोलले नाही. आठवडाभर मला अंधारात उभं केलं होतं त्याने.

"काय म्हणे माय तुझी?" शेवटी त्याने विचारलं.

"तेल घेऊन येतेय," मी म्हणाले. "आणि या रविवारी तू लिंबाखाली थांबू नकोस. आत ये."

त्याने मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखा हात उंचावला, थोडासा चुकीचा, आशीर्वाद देतात तसा, आणि म्हणाला, "सलाम."

मी त्याचा हात हातात घेऊन नीट केला. सोडायचा मात्र विसरले.